संकल्पविराम

महाविद्यालयाच्या निवेदनातले वाक्य असे होते: ‘संबंधित विद्यार्थिनीने संगणक विभागप्रमुखांचा आकृती काढण्याचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून स्वतःचा प्रकल्प म्हणून सादर केला, हे निःसंशय सिद्ध झाले आहे.’

या वाक्यात ‘जसाच्या तसा’ एवढेच खरे होते. दोन्ही प्रोग्राम ओळीला ओळ जुळत होते. ‘निःसंशय’ हा शब्द चौकशी सुरू होण्यापूर्वीच टाइप झालेला होता. ‘सिद्ध’ या शब्दामागचा पुरावा इतकाच, की हा प्रोग्राम मांडणारा सरांचा लेख सुट्टीआधी छापून आला आणि मुलीचा प्रकल्प सुट्टीनंतर दाखल झाला. जे आधी छापले तेच आधी लिहिले, असे मानायचे तर जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात घालवलेले माझे आयुष्य हा एक लांबलेला विनोद ठरतो. मुलीचे म्हणणे असे, की कच्चा प्रोग्राम तिने मार्गदर्शक या नात्याने सरांकडेच तपासायला दिला होता. सरांना तसे काही आठवत नव्हते. प्रयोगशाळेतल्या संगणकांनाही आठवत नव्हते, कारण सुट्टीत ते ‘नियमित देखभाली’साठी पुसून काढले गेले होते. देखभालीचा आदेश सरांचा.

समितीत उपप्राचार्या होत्या आणि मी होतो, मी शोभेला. त्या दिवशी ठरावावर आमच्या सह्या झाल्या असत्या, तर मुलीचे नाव पटावरून उतरले असते. चोरीचा शेरा बसलेल्या विद्यार्थिनीला दुसरे कोणते महाविद्यालय दारात उभे करते, हे तिला ठाऊक होते. शेजारी तिचा मामा बसला होता. आई परिचारिका, तिला रजा मिळाली नव्हती.

“ठराव वाचून दाखवते,” उपप्राचार्या म्हणाल्या.

“आधी चौकशी करू या, मॅडम,” मी म्हणालो. “निदान निकालाची सोबत म्हणून.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली.

वादाची वस्तू अगदी साधी होती. माऊसचे बटण दाबावे, तिथे चौकोनाचा एक कोपरा रोवला जातो. बटण न सोडता ओढत न्यावे, चौकोन ताणला जातो. सोडावे, तो पक्का होतो. पण या प्रोग्राममध्ये एक विचित्र ओळ होती. बटण दाबल्यानंतर पापणी लवेल एवढा वेळ तो बटण सुटल्याची सूचना ऐकतच नसे. त्यामुळे कोणी झटकन एखादा बारीक चौकोन काढला, तर तो सुटायचे नाव घेत नसे. बाणाला चिकटून पडदाभर फिरत राही. आदल्या दिवशी ग्रंथालयातल्या संगणकावर मी तो बराच वेळ असा फिरवला होता.

शहाणपण दोन डोक्यांना स्वतंत्रपणे सुचू शकते. असली खोड मात्र एकाच्या लेखणीतून दुसऱ्याच्या लेखणीत उतरते. नक्कल झाली हे त्यावरून कळते. कोणी कोणाची केली हे कळायला, ती खोड का आली हे कोणाला ठाऊक आहे ते पाहावे लागते.

“सर,” मी विचारले, “बटण दाबल्यावर तुमचा प्रोग्राम थांबतो, ते कशासाठी?”

विभागप्रमुख प्रसन्न झाले. “तेच तर माझं योगदान! मी त्याला संकल्पविराम म्हणतो. माणूस बटण दाबतो तेव्हा त्याचा निर्णय पक्का झालेला नसतो. तेवढा अवधी यंत्रानं त्याला द्यायला हवा.”

“पण सर, तो तर—” मुलगी पुढे झुकली.

“मध्ये बोलायचं नाही!” मी तिच्यावर ओरडलो.

तिचा चेहरा पडला. मामा उसळला. “वा! तिला बोलूच देऊ नका. मग आम्हाला बोलावलंत कशाला, खुर्च्या गरम करायला?”

“मामा, तू गप्प बस ना,” ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. तिच्या लेखी आता मीही त्यांच्यातलाच होतो. समजूत घालणे शक्य नव्हते. तिच्या तोंडून अर्धे वाक्य जरी सुटले असते, तरी सरांनी ते उचलले असते. उचलण्यात त्यांचा हात बसलेला होता.

“तुम्ही लेखात लिहिलंय,” मी म्हणालो, “की हा विराम काढला तर चौकोनाचा ठिपका होतो. हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“अर्थात. कितीतरी वापरकर्त्यांवर प्रयोग केलाय.”

“कुठल्याही माऊसवर होतो?”

“माऊसचा काय संबंध? हा मानवी मनाचा प्रश्न आहे.”

“मॅडम, एवढं टिपून घ्या,” मी म्हणालो. त्यांनी टिपून घेतले. सरांनी खाली सही केली, लफ्फेदार.

मग मी मुलीकडे वळलो. “आता बोल. ती ओळ कशाला?”

ती माझ्याकडे संशयाने पाहत राहिली. मामाने कोपराने ढोसले. “अगं बोल की! मघाशी बोलायला धावत होतीस ना?”

“तो माऊस खराब होता,” ती म्हणाली. “प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या जागेवरचा. बटण दाबलं की ते मध्येच क्षणभर सुटायचं. बोट दाबलेलंच असायचं, पण चौकोन सुरू व्हायच्या आधीच संपायचा. नवीन माऊस मागितला होता. मिळाला नाही. म्हणून मग प्रोग्रामलाच सांगितलं, की पहिलं सुटणं मनावर घेऊ नकोस.”

“एवढंच?”

“एवढंच. चांगल्या माऊसवर त्याचा उलट त्रासच होतो.”

सर हसले. “मॅडम, हा पोरखेळ आहे.”

“मग खेळून बघू,” उपप्राचार्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली घाई गेली होती.

त्यांच्याच संगणकावर मुलीने ती ओळ काढली. उपप्राचार्यांनी स्वतः माऊस हातात घेतला. एक चौकोन, दुसरा, मग अगदी बारीक तिसरा. तिन्ही चौकोन निमूटपणे जागेवर बसले. ठिपका एकही नाही.

“यांचं मन फारच पक्कं दिसतंय, सर,” मामा म्हणाला.

शिपायाला प्रयोगशाळेत पाठवले. तो माऊस तिथे नसता, तर मुलीच्या बाजूने केवळ तिचा शब्द उरला असता, आणि त्या इमारतीत विद्यार्थ्याच्या शब्दाचा भाव मला ठाऊक होता. मुलगी दाराकडे पाहत होती.

शिपाई वायर गुंडाळत आला. माऊस जोडला. उपप्राचार्यांनी बटण दाबले, बोट न उचलता हात ओढत नेला. पडद्यावर ठिपका उमटला. पुन्हा केले. पुन्हा ठिपका. मुलीने ती ओळ परत लिहिली. त्याच हाताने, त्याच माऊसने चौकोन ताणला गेला, मोठा झाला, स्थिरावला.

उपप्राचार्यांनी माऊस बाजूला सारला. “सर, माझ्या माऊसवर ठिपका झाला नाही. या एकावर झाला, आणि यावर काम करत होती ती ही मुलगी. तुमचे ते वापरकर्ते कोण?”

“नोंदी आत्ता माझ्याजवळ नाहीत.”

“नोंदी नकोत. एक माणूस सांगा.”

सर खिसे चाचपू लागले.

“मग ठिपका होतो हे तुम्हाला कळलं कसं?” मी विचारले.

एवढा वेळ त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला सिद्धान्त होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उपप्राचार्यांनी लेखणी उचलली आणि ते जे बोलले ते शब्दशः उतरवून घेतले:

“तिनं दिलेल्या प्रतीत त्या ओळीशेजारी लिहिलं होतं, ‘ही काढू नका, ठिपका होतो.’ का होतो, ते मला कळलं नाही. म्हणून काढली नाही. आणि ठेवली म्हटल्यावर त्या ओळीला काहीतरी कारण तर द्यावंच लागतं.”