खोलीचं माप

सासूबाई अजून जिवंत होत्या आणि सूनबाई त्यांच्या खोलीतल्या भिंतीचं माप घेत होती.

एवढंच सांगितलं की ऐकणारा तिला नावं ठेवून मोकळा होतो, म्हणून आधी तिची बाजू ऐका. तिला मण्यांच्या कामाचं वेड होतं. माळा, बटवे, टेबलावरचे रुमाल, एकदा तर खिडकीत टांगायला मण्यांचा मासाच केला होता तिनं. पण घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत सासूबाई, दुसरीत ही आणि नवरा. मण्यांचे डबे पलंगाखाली, कपाटावर, मिक्सरच्या मागे. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम मांडायचं आणि ताटं घ्यायची वेळ झाली की गुंडाळायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हिचं पिशवीत. एकदा नवऱ्याच्या भातात हिरवा मणी सापडला, तेव्हापासून तो घास चिवडून बघितल्याशिवाय तोंडात घालत नसे.

आता सासूबाईंच्या हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी नवराबायकोला बाहेर बोलावून सांगितलं, "हृदय पार थकलंय. गोळ्या वेळेवर गेल्या तर काही महिने निघतील. त्यापुढचं मी सांगू शकत नाही." नवरा डोळे पुसून आत गेला आणि आईला म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणतात, चांगली सुधारणा आहे. लवकरच चालायला लागशील." सासूबाईंनी मान हलवली. त्या बाईनं आयुष्यभर शाळेत मुलांच्या थापा ऐकल्या होत्या, त्यात ही आणखी एक.

त्यानंतर सूनबाईच्या मनात ती खोली शिरली. काढावी म्हटलं तरी निघेना. भाजी चिरता चिरता ती मनातल्या मनात फळ्या ठोकायची. पलंगाच्या जागी टेबल, वर तीन फळ्या, बाजूला दोऱ्यांसाठी खिळ्यांची रांग. स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटता वाटताच चौथी फळी बसते का याचा हिशेब व्हायचा. शेवटी एका दुपारी, म्हातारीला झोप लागलेली बघून, ती टेप आणि पेन्सिल घेऊन खोलीत गेली. भिंतीवर दोन खुणा झाल्या, तिसरी करायला ती टाचा उंचावून उभी राहिली.

"खिडकीकडे नको लावूस. तिथं ओल येते."

टेप हातातून सुटून खडखडत आत गेली.

"आई, मी... ते कोळिष्टक बघत होते."

"कोळिष्टक टेपनं मोजतात होय?" सासूबाई म्हणाल्या. "बस इथं. पांढरीफटक पडलीस. मरतेय मी, आणि तोंड तुझं उतरलंय."

सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती रडायला लागली. सासूबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता खुणा केल्याच आहेस तर फळ्याही लाव. मला बघायच्या आहेत."

"काहीतरीच काय, आई! लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून मी आजारी पडले नाही."

पुढचे दिवस त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगायला विचित्र वाटतं, पण होते. सूनबाईनं फळवाल्याकडून लाकडी खोकी आणली, मोडली, घासली. सासूबाई पलंगावरून हुकूम सोडायच्या. डावीकडे कल गेलाय. खिळा तिरका मारतेस. तुझ्या नवऱ्यानं आयुष्यात एक खिळा सरळ मारला नाही, तू तरी मार. औषधांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन सूनबाईनं त्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूनं पक्की केली. बाटलीत मणी भरायचे आणि बाटली फिरवून झाकणाला लटकवायची. लाल, निळे, पिवळे मणी फळीखाली ओळीनं लटकायला लागले. "माझ्या आजाराचा कुणाला तरी उपयोग झाला," सासूबाई म्हणाल्या आणि दोघी खोकला येईपर्यंत हसल्या. नवऱ्यालाही सांगितलं की आईचा वेळ जावा म्हणून चाललंय. तो खूश झाला.

मणी निवडायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. मांडीवर ताटली, शेजारी डबा, आणि थरथरत्या बोटांनी त्या छोटे-मोठे वेगळे करत बसायच्या. गोळीची वेळ झाली की सूनबाई तळहातावर गोळी ठेवायची, पाणी ओतायला वळायची, पेला हातात द्यायची. सासूबाई घटाघटा पाणी प्यायच्या. ज्या सासूसुनेनं इतकी वर्षं एकमेकींशी मीठ-मिरचीपलीकडे बोलणं ठेवलं नव्हतं, त्या आता दिवसभर बडबडत होत्या. सूनबाईला वाटायचं, हे आधी का नाही झालं?

फक्त पाय सुजायला लागले. मग धाप लागायला लागली. डॉक्टर येऊन बघून गेले, चक्रावले आणि गोळ्या वाढवून गेले.

एका संध्याकाळी सासूबाईंना उशीला टेकून गुंगी आली होती. त्यांच्या डब्यातले दुधी मणी घेऊन सूनबाई शेजारी माळ ओवत बसली. चार मणी गेले. पाचव्यात सुई जाईना. तिनं जोर लावला, तशी मण्याची बोटांवर भुकटी झाली. तिनं डबा ताटलीत उपडा केला. पांढऱ्या मण्यांमध्ये पांढऱ्या गोळ्या होत्या, चांगल्या ओंजळभर.

"आई!"

सासूबाईंनी डोळे उघडले, ताटलीकडे पाहिलं. "सापडल्या का."

"हे काय केलंत? माझ्यासाठी केलंत? या खोलीसाठी?" सूनबाईचा आवाज चिरकला. "जाळा ती खोली! मला नको!"

"हळू बोल. तुझ्यासाठी कशाला करीन? तू काय मोठी लागून गेलीस?" धाप लागली म्हणून त्या थांबल्या. "तू टेप घेऊन आलीस ना, त्या दिवशी मला बरं वाटलं. पोरगा म्हणतो चालशील, डॉक्टर म्हणतात छान आहे. सगळे मला लहान पोर समजून खेळवतात. तू एकटी खरं वागलीस. मग म्हटलं, आपणही खरं वागावं. मला दवाखाना नको, नळ्या नकोत. या पलंगावर, तुझी ठोकाठोक बघत जाऊ दे. त्याला सांगू नकोस."

"नाही सांगणार," सूनबाई म्हणाली. म्हणताना ते खरं होतं. तिनं म्हातारीचा हात धरला.

मग ती गोळ्या वेचायला उठली आणि तिची नजर भिंतीवर गेली. फळ्या, खिळे, बाटल्या. सगळं तयार. फक्त पलंग हलवायचा बाकी. उद्या म्हातारी गेली की नणंद येणार. ती दारात उभी राहून ही भिंत बघणार. आणि गोळ्यांचं कधी ना कधी कळणारच, असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. मग कोण म्हणेल की म्हातारीनं स्वतः केलं? सुनेनं जागेसाठी सासूच्या गोळ्या चुकवल्या, असंच म्हणतील. नवरा तोंडानं म्हणणार नाही, पण घास चिवडतो तशी आपली प्रत्येक गोष्ट चिवडून बघेल. हा दगडाखालचा हात आयुष्यभर निघणार नव्हता.

नवरा कामावरून आला. चपला काढतानाच तिनं ताटली त्याच्यापुढे धरली.

"आईंनी गोळ्या घेतलेल्याच नाहीत. मला आत्ता कळलं. आत्ताच."

ती खरं बोलली. पण त्या खऱ्यात म्हातारीची काळजी चिमूटभरही नव्हती, आणि हे तिला बोलतानाच ठाऊक होतं.

पुढे सगळं भराभर झालं. नवरा ओरडला, रडला, गाडी आली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत शिरली. खोली अरुंद, त्यात फळ्या, वळताना धक्का लागून दोन बाटल्या खाली आल्या आणि मणी फरशीभर झाले. सासूबाईंनी पलंगाची कड धरून ठेवली होती. मुलानं एकेक बोट सोडवलं. "आई, बरी होशील गं, ऐक ना," तो म्हणत होता. त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सुनेकडे बघत होत्या, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

दवाखान्यात औषधांनी आपलं काम केलं. म्हातारी तगली. नाकात नळी, हाताला नळी, लघवीला नळी. मास्क ओढून काढायच्या म्हणून नर्सनं त्यांचे हात पट्टीनं कॉटच्या दांड्याला बांधले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आता बरेच दिवस काढतील. नवऱ्यानं सूनबाईचा खांदा दाबला. "तू लक्ष ठेवलंस म्हणून," तो म्हणाला.

घरातली खोली रिकामी होती. तिथं आता बसायला कुणाचीच हरकत नव्हती. पण सूनबाई सकाळी दवाखान्यात यायची आणि अंधार पडल्यावर जायची. सासूबाई मास्कआडूनसुद्धा तिच्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. मुलाला मान हलवून उत्तर द्यायच्या, नर्सला द्यायच्या. हिला नाही.

शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी विचारलं, "मुलगी का तुम्ही?"

"सून."

"सून? नशीब काढलं हो म्हातारीनं. असावी तर अशी."

सूनबाईनं सासूबाईंच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. सुजलेले पाय आता पुष्कळ उतरले होते. दाबून द्यावेत म्हणून तिनं हात पुढे केले, तशी सासूबाईंनी होती नव्हती तेवढी ताकद लावली आणि पाय आखडून घेतले.

तिनं पांघरूण पुन्हा नीट केलं आणि स्टुलावर बसून राहिली.