आठवा बाइट

सोमवारी सकाळी टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास, आणि अदिबाचं तोंड उतरलं. ती लाल का झाली, ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी काही बोललो नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात डीबगर बनतो, म्हणजे चालू प्रोग्रामच्या पोटात डोकावून कुठली माहिती कुठे आहे ते दाखवणारं साधन. तो खरं दाखवतो ना, हे तपासणाऱ्या टेस्ट सहा वर्षांपूर्वी मी लिहिल्या. त्यातल्या एकीत एक अक्षर होतं आणि त्याच्यामागे एक मोठी संख्या. माझ्या कंपायलरने, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या साधनाने, ती संख्या मेमरीत आठव्या बाइटपासून ठेवली, म्हणून मी शहाण्याने टेस्टमध्ये सरळ ‘आठ’ लिहून टाकलं. दुसरा कंपायलर तीच संख्या चौथ्यापासून ठेवतो. बरोबर दोघंही आहेत, चुकलो मी. जागा कंपायलरलाच विचारायची होती, आळस केला.

अदिबा मालेगावची, नवीन लागलेली. डीबगरला दुसऱ्या कंपायलरची जोड तिने दिली, म्हणून ती टेस्ट त्याच्यावर पहिल्यांदाच चालली. आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते बुधवारी ठरणार होतं.

“माझंच काहीतरी चुकलं असेल, सर,” ती म्हणाली. “टेस्ट तुमची आहे.”

“बघतो,” मी म्हणालो. त्याच आठवड्यात टीम लीडसाठी माझं नाव पुढे होतं. लाज वाटली, पण गिळली.

बुधवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर राज तिला म्हणाला, “काम घाईचं दिसतंय. अजून तीन महिने बघू.” अदिबाने माझ्याकडे पाहिलं. तहान नसताना मी पाण्याची बाटली उघडली.

गुरुवारी मी गुपचूप टेस्टमधला आकडा काढला आणि कंपायलर सांगेल तीच जागा धरायला लावली. टेस्ट हिरवी झाली.

“संतोष, पोरीचा गोंधळ निस्तरलास बघ!” राजने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हसलो.

दुपारी टपरीवर अदिबा एकटीच चहा घेत होती. शेवटी धीर करून म्हणालो, “अदिबा, त्या टेस्टमधला आठ...”

“तुम्ही लिहिलेला. माहीत आहे, सर. कुठली ओळ कोणाची ते कोडच्या हिस्ट्रीत दिसतं. मी सोमवारीच बघितलं.”

“मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?”

तिने ग्लास खाली ठेवला.

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”