तिसरा नारळ

रायपूर राजधानी होऊन वर्षही झालं नव्हतं, पण आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शालिग्रामभाऊ यांच्या अंगात राजधानी केव्हाच शिरली होती. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, कागद दिसला की हात शिवशिवतात. मंडळाची नव्याने नोंदणी करायची, तर नियमावली इंग्रजीतच हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं. ऑफिसात हिंदी चालत होती. पण इंग्रजी पाहिली की साहेब खुर्ची देतो, हा त्यांचा सिद्धांत. आणि मंडळात इंग्रजी म्हटलं की मी. मी चिटणीस, शिवाय पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलेली.

ते शब्दांची यादी घेऊन घरी आले. मेंबर, असोसिएट, अफिलिएट, डिपेंडंट. यांत फरक काय, असं विचारलं. असं कोणी विचारलं की मी पाहुण्याला चहा द्यायचासुद्धा विसरते. मी सांगितलं, मेंबर म्हणजे अवयवच, बोट कापलं तर सगळ्या अंगाला कळतं. अफिलिएट म्हणजे दत्तक आल्यासारखा. डिपेंडंट म्हणजे दुसऱ्याच्या आधाराला लोंबणारा. आणि असोसिएट म्हणजे सोबतीचा, पण आतला नव्हे. मग प्रत्येक शब्दाची व्याख्या झोकदार इंग्रजीत लिहून दिली. खोटं कशाला बोलू, मी भलतीच खूश होते.

कागद पद्मिनीकडे टाइपला गेले. कचेरीसमोर तिचं टायपिंगचं दुकान आहे. माहेरची दुर्गची साहू, छत्तीसगढी घरातली; आमच्या मंडळातल्या परागची बायको. पराग दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, त्याच्या आधी सासू गेली. घरात आता ती एकटीच. सासूकडून शिकलेली तिची मराठी माझ्या नातवंडांपेक्षा चांगली आहे. ती कार्टी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात.

टाइप केलेले कागद ती स्वतःच घेऊन आली. एकही चूक नव्हती. शेवटच्या पानावर सभासदांची नावं होती, आणि असोसिएटच्या खाली एकच नाव होतं, तिचं. नवरा नाही आणि जन्म मराठी घरातला नाही, म्हणून शालिग्रामभाऊंनी आपल्या हाताने ते तिथे लिहून दिलं होतं.

"मंग यंदा मी नारळ आणायचा नाही नं, बाई?" ती म्हणाली. "तुम्हीच तं लिहून ठेवलं, असोसिएट आतला नसते म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारळाचं सांगायला हवं. आमच्या गणपतीपुढे नारळांचं तोरण लागतं, घरटी एक. जे घर रायपुरात आधी आलं, त्याचा नारळ आधी, आणि आधीचा बांधल्याशिवाय पुढचा बांधायचा नाही, ही रीत. परागचं घर तिसरं, माझं चौथं. शालिग्रामभाऊ अकोल्याहून बदलीवर आलेले, त्यांचं एकतिसावं.

मी त्यांच्याकडे भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, नियम मंडळाचा असला तरी शब्द तुमचे आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ. मी परत आले, पण गप्प बसायला नव्हे.

चतुर्थीला सकाळी मांडव भरला. पहिला नारळ बांधून झाला, दुसरा झाला. शालिग्रामभाऊंनी वहीत पाहून थेट माझं नाव पुकारलं. मी नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले.

"तिसरा येऊ द्या," मी म्हटलं.

त्यांनी मुहूर्ताची आठवण करून दिली. मागून कोणीतरी बाईंना कमी ऐकू येतं म्हणालं. मला चांगलं ऐकू येतं, तेही सांगितलं. पाचव्या घरच्या सत्यभामाबाई नारळ घेऊन उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत खाली बसल्या. मग सहावं घर बसलं, सातवं बसलं.

"काहून अडून राहिल्या, विनोदिनीबाई? नियमावली पास झाली आहे."

"नियमावली परवाची आहे, भाऊ. तोरण माझ्या आजेसासऱ्यांपासूनचं आहे. मी काही उठत नाही."

एकतिसाव्या नंबरपर्यंत पोचायचं तर चौथा बांधला जायलाच हवा, हा हिशोब रेल्वेच्या माणसाला सांगावा लागला नाही. त्यांनी वही ठेवली, स्कूटर काढली आणि स्वतः गेले.

अर्ध्या तासाने पद्मिनी त्यांच्या मागे बसून आली. हातातल्या नारळाला हळदकुंकू लावलेलं होतं, शेंडीला लाल दोरा बांधलेला होता, आणि कुंकू वाळलेलं होतं. बोलावणं येवो न येवो, पोरीने सकाळीच तो तयार करून ठेवला होता. माझे डोळे भरून आले.

शालिग्रामभाऊंनी वही उघडली. मान खाली घालून विचारलं, "तुझ्या नावापुढे कोणता शब्द टाकू?"

"मले शब्द नको, काका. माह्या घराचा नंबर तीन आहे. तेवढा राहू द्या."

"हव," ते म्हणाले. तिने सासूने शिकवलेली गाठ मारून नारळ बांधला. मग मी उठले. गुडघे आखडले होते, पण चौथा नारळ मी कोणाचा हात न धरता बांधला.

दोन दिवसांनी तिने नियमावली पुन्हा टाइप करून आणली. नावं एक ते सेहेचाळीस, सरळ एकाखाली एक. माझ्या व्याख्यांचं पानच नव्हतं, तिने मला न विचारता ते गाळून टाकलं होतं. पस्तीस वर्षांत माझ्या इंग्रजीवर कोणी काट मारली नव्हती. मी कागद शेवटपर्यंत वाचला, आणि सही केली.