चुंबकाच्या पोटातली चीर गेलेली नळी

मी नळी बोलतेय. करंगळीच्या नखाएवढी आहे, पण कमी लेखू नका. दंतवैद्य जी पांढरी, टणक दाढ बसवतात, त्याच मालाची मी. तैवानमधल्या सिंचूच्या या प्रयोगशाळेत माझ्याबरोबर आलेल्या सगळ्या केव्हाच फुटल्या. मी उरले. मला कुणी शिकवलं नाही. फिरता फिरता शिकले.

माझ्या पोटात एन्झाइमची भुकटी ठासतात आणि मला भल्यामोठ्या चुंबकात तिरकं बसवतात. हवेच्या झोतावर मी सेकंदाला हजारो गिरक्या घेते. भुकटी नुसती ठेवली तर तिच्यातून गोंगाटच येतो. त्या तिरक्या कलाने फिरवली की एकेक अणू वेगळा ऐकू येतो.

या प्रयोगशाळेच्या प्रमुख येनबाईंना ऐकायचंय ते जस्ताच्या शेजाऱ्यांचं. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचं हे एन्झाइम. त्याच्या मधोमध जस्ताचा अणू, आणि तो कुणी धरून ठेवलाय ते कळलं तर एन्झाइम मोडता येईल. बाईंनी यात उमेदीची वर्षं घालवली. फ्रिज बिघडून बाकीची भुकटी नासली. उरली ती एवढीच, माझ्या पोटात. बाई आता निवृत्त होणार.

आणि मला चीर गेलीय. आज सकाळी भुकटी ठासताना गेली. केसाएवढी, माझ्या तोंडावरच्या टोपीखाली झाकलेली.

"बाई, नळी थरथरतेय. वेग चढत नाही," त्यांचा विद्यार्थी को-जुई म्हणाला. "काढून बघू?"

"गोठवलेली भुकटी आहे. बाहेर काढलीस की वितळली." बाईंची नजर यंत्रावरच्या खाऊच्या हिरव्या पाकिटाकडे गेली. यंत्राने रुसू नये म्हणून इथे सगळेच ते ठेवतात; हिरवं म्हणजे चालू. "हे बघ, तारीख उलटून गेलीय. यंत्राला शिळं खायला घालतोस, वर काम कर म्हणतोस?"

"तुम्हीच ठेवलं होतंत, बाई."

"तोंड चालवू नकोस. ताजं आण. आणि हिरवंच हं. पिवळं आणलंस तर तुलाच आत घालून फिरवीन."

शिकलीसवरलेली माणसं! मी जीव तोडून थरथरले, आणखी काय करायचं मी? त्यांनी पाकीट बदललं. को-जुईने त्यावर पेनाने 'शहाण्यासारखं वाग' लिहिलं, दोघांनी हसत हात जोडले आणि हवा सोडली.

वेग चढतोय. थरथरही थांबलीय, कारण या वेगाला चीर फाकून सगळीकडून सारखी ताणली गेलीय. त्यांना वाटतंय, यंत्राचा रुसवा गेला.

"आलं," को-जुई पुटपुटला. "बाई, हा नायट्रोजन. जस्ताला चिकटलेला."

बाई पडद्यापाशी सरकल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अजून स्पष्ट हवं. वेग वाढव."

नको, बाई. मिळालंय तेवढं पदरात घ्या आणि हवा बंद करा. माझं काय, मी भरपूर फिरले. पण मी फुटले की ही भुकटी चुंबकभर उडेल, आणि तुमच्याकडे दुसरी नाही.

को-जुईने वेग वाढवला. चीर टोपीपासून निघालीय, खाली येतेय. थांबवा. कुणीतरी थांबवा.