सासऱ्याच्या नावाचा देश

नारिनहून बिश्केकला आलेल्या जिपार आपा विद्यापीठाच्या सभागृहात पहिल्याच रांगेत ठाण मांडून बसल्या. मेजवानीची मेंढी कापून झाली होती आणि सुनेचा, पेरिझातचा, प्रबंध अजून मंजूर व्हायचा होता! नापास झाली तर चारचौघांत नाक गेलंच.

"आई, मागं बसू या," मुलगा तालाय कुजबुजला.

"मागं का? सून माझी आहे की चोरून आणलेली?"

पेरिझातनं सासूला पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. तरी बोलायला लागली. आपले हे सगळे देश म्हणजे एकाच सोव्हिएत घरातून वेगळे निघालेले भाऊ, पण दहशतवाद प्रत्येकाच्या अंगणात निराळा. ताजिकांकडे आधी यादवी पेटली, उझबेकांच्या राजधानीत स्फोट झाले, आपल्याकडे डोंगर उतरून बंदूकवाले आले. आपांच्या अंगावर काटा आला. घरात चहा ओतताना हिचा श्वास ऐकू येत नाही, ती ही?

"आणि उत्तरेकडचा शेजारी... बरीच वर्षं शांत. मग अचानक..."

"कोण शेजारी?" परीक्षक सरीबाएव यांनी चष्मा काढला. "बाई, सगळा निष्कर्ष त्याच देशावर उभा केलात. नाव घ्या की!"

"तो... तेलवाला... मोठ्या गवताळ मैदानांचा..."

लोक खिदळले.

"तुलना करताय की कोडी घालताय? असं मंजूर करता येणार नाही."

आपांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेरिझातच्या सासऱ्याचं नाव कझाकबाय! त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा सासूदेखत सुनेच्या तोंडातून येता कामा नये, हे लग्नाच्या दिवशी त्यांनीच बजावलं होतं. आता त्याच सुनेच्या जिभेवर पाय देऊन बसल्या होत्या. उठून बाहेर जावं? हॅट! जिपार पाठ दाखवत नाही.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "साहेब, माझ्या नवऱ्याचं नाव आडवं आलंय. त्याच्या कबरीवरसुद्धा मी ते घेतलं नाही." मग त्या सुनेकडे वळल्या. "कझाकस्तान! ऐकलंस, पोरी? पडलं का आभाळ? बोल आता, नाहीतर घरी बघते तुझ्याकडे!"

"कझाकस्तान!" पेरिझात ओरडलीच. मग बांध फुटला. भूतकाळ एकच, पण प्रत्येक सरकारनं कुणाला जवळ घेतलं, कुणाला तुरुंगात कोंबलं, कुणाला वाऱ्यावर सोडलं, त्यावर आग कधी भडकली ते ठरलं. सरीबाएव आडवेतिडवे प्रश्न टाकत होते, ती वरच्यावर झेलत होती. आपा प्रत्येक उत्तराला मांडीवर थाप मारत होत्या.

परीक्षकांचं गुप्त मतदान झालं. एकही मत विरोधात नाही!

पेरिझात धावत येऊन गळ्यात पडली. "आपा, कझाकस्तानच्या वेळी तुम्ही..."

"पुरे! नाव घ्यायची सूट प्रबंधापुरती होती," आपा म्हणाल्या, आणि तिला आणखी घट्ट आवळलं.