काचेच्या कपाटातले कॉम्प्युटर

तिच्या मोठ्या दिराचा दातांचा दवाखाना जोरात चालायचा आणि त्याहून जोरात चालायचं त्याचं तोंड. त्याला जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद लागला. वरच्या खोलीत काचेची कपाटं आली. पिवळ्या पडलेल्या पेट्या त्याच्या डोळ्यांत खुपायला लागल्या, तेव्हा गृहस्थानं त्या सरळ रंगवून टाकल्या. हवा जायच्या फटीसुद्धा रंगानं बुजल्या. एखादी पेटी उघडून आत डोकवावं, हे काही त्याला सुचलं नाही.

ती असली यंत्रं दुरुस्त करायची. दीर पाहुण्यांना सांगायचा, "आमची ही भावजय घरात खाटखूट करत असते." ती हसून सोडून द्यायची आणि मनात त्याची अक्कल काढायची.

एका रविवारी त्यानं डॉक्टर मित्रांना बोलावलं. "आज एक कॉम्प्युटर चालू करूनच दाखवतो!"

"भाऊजी, नका," ती म्हणाली. "कित्येक वर्षं बंद आहे तो. आधी उघडून बघू द्या."

"तुला सगळ्यात खोटच दिसते. हो बाजूला."

त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर हिरवा ठिपका आला, मंडळींनी टाळ्या पिटल्या आणि आत फट्कन काहीतरी फुटलं. धुराला वाट मिळेना, तो फ्लॉपी सरकवायच्या तोंडातून बाहेर आला. नाकाला रुमाल लावून मित्र जिन्याकडे पळाले. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"हल्ली विजेचा काही भरवसाच राहिला नाही," दीर म्हणाला.

तिनं ते धूड न विचारता आपल्या घरी आणलं. वीजपुरवठ्याचा एक कपॅसिटर फुटला होता, बॅटरी गळून बोर्डावर बुरशीसारखा हिरवट गंज चढला होता. तिनं कपॅसिटर बदलला, सगळं धुतलं, पुसलं, बोर्डावरच्या तुटलेल्या तांब्याच्या रेषा तारेनं जोडल्या. अखेर यंत्रानं बीप केलं तेव्हा ती एकटीच खुदकन हसली.

दीर बघायला आला. उघड्या यंत्राला जोडलेल्या पडद्यावर चौकोन लुकलुकत होता.

"आता पुढे काय होतं?"

"तुम्ही काहीतरी टाइप केलंत तर होईल."

तो बराच वेळ कीबोर्डकडे बघत राहिला. "काय टाइप करायचं असतं?"

तिला आधी राग आला, मग कीवच आली. "भाऊजी, तुम्ही पेटी न्या. आतलं सगळं माझ्याकडे राहू दे."

"चालेल की!" त्याचा चेहरा खुलला. रिकामी पेटी काखेत मारून तो जिना उतरला. "केवढी हलकी झाली गं! झकास दुरुस्त केलीस!"

तिनं दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.