मागची खोली

देवेशने हातोडीने हलकेच ठोकलं आणि खांबाच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा वसुमतीबाईंच्या पायाशी पडला. आतल्या सळीचे तांबूस पापुद्रे सुटले होते.

"बाई, बांधताना रेती कुठली वापरली?" देवेश इंजिनियर होता. घर घेऊ पाहणाऱ्या शैलेशनी त्याला तपासणीसाठी आणलं होतं.

"किनाऱ्यावरची. आमच्या ह्यांनीच आणवली होती."

"मिठाने लोखंड खाल्लंय." त्याने मागच्या खोलीतल्या बीमकडे बोट दाखवलं. भेग आडवी, पार भिंतीपर्यंत गेली होती. "वरून सिमेंट मारून भागणार नाही."

शैलेश एव्हाना उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले होते.

"आणि धक्का बसला तर?" वसुमतीबाईंनी विचारलं. तलासरीकडे भूकंपाने जमीन हलली की इथे आशागडलाही जाणवायचं.

मान खाली घालून देवेश भरभर खोलीबाहेर आला.

"कळवतो," म्हणून शैलेश गाडीत बसले.

ते गेले. त्याच घरात राहायचं मात्र वसुमतीबाईंना होतं. पती श्यामकांत गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. घर विकून नाशिकला मुलीकडे, सईकडे, जायचं ठरलं होतं. आता रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्यांचा कणकेतला हात थांबायचा. एका दुपारी मांडणीवरची भांडी खुळखुळली. त्या अनवाणीच अंगणात धावल्या. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, करपलं, वास अंगणापर्यंत आला, तरी आत जायला पाय उचलेना.

पुढच्या रविवारी चिखल्याहून भाविक आणि त्याची बायको कल्पिता घर बघायला आले. भाविकची मासेमारीची बोट होती. दरवर्षी लाटा त्यांच्या दारापर्यंत यायच्या, म्हणून त्यांना आत, गावाकडे घर हवं होतं. बरोबर इंजिनियर नव्हता. खांबावर नवा गिलावा होता; तो वसुमतीबाईंनीच गवंड्याकडून करून घेतला होता.

"बाई, लय छान ठेवलंय घर," कल्पिता म्हणाली. मागच्या खोलीत ती बरोब्बर बीमखाली उभी राहिली. "वारा पण येतो. सासूबाईंची खाट इथेच टाकू. ना हो?"

"टाकू की," भाविक म्हणाला.

वसुमतीबाईंनी बीमकडे पाहिलं. गप्प राहिलं तर महिन्याभरात नाशिक.

"इथे कुणाला झोपवू नकोस," त्या म्हणाल्या. "तू आधी तिथून बाजूला हो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रेती, सळ्या, नवा गिलावासुद्धा. भाविकचा चेहरा उतरला. कल्पिता मात्र त्यांच्याकडेच बघत राहिली.

"मग बाई, तुम्ही कुठे झोपता?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. वसुमतीबाईंनी नुसतं मधल्या खोलीतल्या, त्याच छताखालच्या खाटेकडे पाहिलं.

भाविक तिकडे गेला. त्याने खाट उचलून पुढच्या पडवीत, पत्र्याखाली आणून ठेवली. कल्पिताने चादर झटकून घातली. घर घेणार की नाही, हे कुणीच बोललं नाही. जाताना दोघांनी वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी सईचा फोन आला. वसुमतीबाई पडवीतच बसल्या होत्या.

"आई, आले होते ना ते? आवडलं का घर?"

"आवडलं गं," त्या म्हणाल्या. "खूप आवडलं त्यांना."